बिनडोकांची हुशारी

नगर जिल्ह्यात पाऊस कधीच समान वाटला जात नाही. अकोले तालुक्यातल्या घाटघर-रतनवाडीला जुलैत आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही, आणि त्याच दिवसांत कर्जत-जामखेडची माणसं ढगांकडे बघून पेरणीचा हिशेब मांडत असतात. सरकारदरबारी जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालं असलं, तरी एसटीचा कंडक्टर अजून ‘नगर, नगर’ असाच पुकारा करतो. या प्रकरणातल्या प्राण्याला (प्राणी म्हणावं का, हे पुढे पाहू) जिल्ह्याची ही दोन्ही टोकं चालतात. ओल्या टोकाला तो हिंडतो, कोरड्या टोकाला झोपून राहतो.

भंडारदऱ्याच्या वरच्या जंगलात भर पावसाळ्यात पडकं, कुजकं खोड नीट न्याहाळलं, तर सालीच्या फटीत कधी हळदी रंगाचा चिकट थर दिसतो. पुढची कड जाड आणि लोंब्यालोंब्यांची, तिच्या मागे शिरांचं जाळं, आणि त्याहून मागे नुसता वाळका चकचकीत माग. बघणारा ‘बुरशी आलीय’ म्हणतो आणि पुढे जातो. दुसऱ्या दिवशी तो थर त्या जागी नसतो, वीतभर पुढे गेलेला असतो. बुरशी धागे वाढवत पसरते. अंगासकट उठून दुसरीकडे जाणं तिच्या स्वभावात नाही.

याला स्लाइम मोल्ड म्हणतात. पाठ्यपुस्तकी मराठीत श्लेष्मकवक. अकरावीच्या जीवशास्त्रात याच्यावर जेमतेम एक परिच्छेद असतो आणि तो बहुधा ऑप्शनला टाकला जातो. कवकांसारखे बीजाणू धरतो म्हणून जुन्या वनस्पतिशास्त्रज्ञांनी त्याला कवकांत बसवलं. पण जंतू, यीस्ट, दुसऱ्या बुरश्यांचे बीजाणू असं सगळं तो गिळून पचवतो, म्हणून त्याचं खरं गोत अमीबाचं. वनस्पती नाही, प्राणी नाही, बुरशीही नाही. जगभरात या गटाच्या सुमारे हजार जाती नोंदल्या गेल्या आहेत. प्रयोगशाळांची लाडकी जात मात्र एकच, फायसरम पॉलिसेफॅलम. नावाचा अर्थ ‘अनेक डोक्यांचा’, आणि डोकं एकही नाही.

तळहाताएवढा पसरलेला हा थर म्हणजे एक पेशी असते. एकच. तिच्यात लाखो केंद्रकं असतात आणि ती जवळजवळ एकाच वेळी विभागतात. साध्या सूक्ष्मदर्शकाखाली एखादी शीर धरली, की आतला द्रव दाणेदार प्रवाहासारखा एका दिशेने धावताना दिसतो. सेकंदाला मिलिमीटरभर, म्हणजे पेशीच्या मानाने अफाट वेगाने. मग तो मंदावतो, थांबतो, क्षणभर नुसता थरथरतो आणि उलट्या दिशेने धावू लागतो. मिनिट-दीड मिनिटाने पुन्हा उलटा. आपल्या स्नायूंत जी ॲक्टिन-मायोसिनची जोडी आकुंचन घडवते, तीच शिरांच्या भिंतीत काम करत असते. पुढे गेलेला द्रव मागे आलेल्यापेक्षा थोडा जास्त असला, की तेवढा अख्खा देह पुढे सरकतो. ताशी सेंटिमीटरभर, जोरात असला तर चार सेंटिमीटरपर्यंत.

त्याची सगळी हुशारी या ये-जा करणाऱ्या प्रवाहात आहे. शिरेचं टोक अन्नाला लागलं, की तिथली भिंत सैल पडते, ठोके वाढतात, तिकडे जास्त द्रव खेचला जातो. जास्त द्रव वाहिला, की शीर रुंद होते. रुंद झाली, की आणखी वाहतं. जिथे वाहणं कमी, ती शीर बारीक होत होत विरून जाते आणि तिचा माल दुसरीकडे कामाला लागतो. ठरवणारा कुणी नाही, हुकूम सोडणारी जागा नाही. प्रत्येक शिरेला आपल्यातून किती वाहतंय एवढंच ‘कळतं’.

२००० साली जपानमध्ये तोशियुकी नाकागाकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या जिवाला चक्रव्यूहात सोडलं. सोडलं म्हणजे, काही सेंटिमीटरच्या चक्रव्यूहात त्याचे बारीक तुकडे सगळीकडे पेरले. तुकडे वाढले, एकमेकांना भिडले आणि एकजीव होऊन सगळ्या गल्ल्या भरून बसले. मग दोन टोकांना ओट्सचा खाऊ ठेवला. चार तासांत बंद गल्ल्यांतून अंग मागे आलं. आणखी चार तासांनी दोन खाऊंना जोडणारी एक जाड शीर उरली, आणि ती सर्वांत जवळच्या वाटेने गेलेली होती. ‘नेचर’मध्ये हा पानभराचा शोधनिबंध आला आणि मेंदूच्या अभ्यासकांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

याच मंडळींनी २०१० साली केलेला प्रयोग तर तुम्ही कुठे ना कुठे पाहिला असेल. टोकियो आणि आसपासची गावं मिळून ३६ ठिकाणी ओट्स ठेवले, टोकियोच्या जागी हा जीव ठेवला, डोंगर-समुद्राच्या जागी प्रकाश पाडला, कारण उजेड याला सोसत नाही. २६ तासांत त्याने विणलेलं जाळं टोकियोच्या रेल्वेजाळ्याच्या तोडीचं निघालं: एकूण लांबी कमी, एखादा दुवा तुटला तरी गाडी अडणार नाही. या गटाला २००८ आणि २०१० असं दोनदा इग् नोबेल मिळालं. ‘आधी हसवतं, मग विचारात पाडतं’ अशा संशोधनाला दिला जाणारा तो पुरस्कार.

मला हा प्रयोग आवडतो, पण त्याचा जो गवगवा झाला तो अंमळ जास्तच. ‘अभियंत्यांना शंभर वर्षं लागली ते बुरशीने एका दिवसात केलं’ असले मथळे छापून आले. गावं कुठे हे माणसाने सांगितलं होतं. शिवाय रेल्वे केवळ अंतर आणि खर्च पाहून होत नाही, हे नगरकरांना कुणी सांगायला नको. जिल्ह्याच्या १४ तालुक्यांच्या ठिकाणी ओट्स ठेवून बघा: अकोले-संगमनेरला हा जीव पहिल्या फेरीतच जोडून टाकेल. प्रत्यक्षात दौंड-मनमाड लोहमार्ग १८७८ साली झाला तो मुंबई-कलकत्ता आणि मुंबई-मद्रास या दोन मोठ्या मार्गांची टोकं जुळवायला. तो श्रीगोंदा, नगर, राहुरी, श्रीरामपूर, कोपरगाव असा सरळ वर निघून गेला आणि अकोले-संगमनेर बाजूला पडले ते आजतागायत. पूर्वेकडे नगरहून आष्टीला गाडी सुटायला २०२२ उजाडलं. साम्राज्यं, मंत्री आणि भूसंपादनाचे खटले स्लाइम मोल्डच्या गणितात नाहीत. त्याच्या गणितात एवढंच आहे, की चालू वाट रुंद कर आणि बंद वाट मोड. तेवढ्यावर तो इतकं साधतो, हे पुरेसं नवल आहे. त्याला अभियंता म्हणायची गरज नाही.

खरं नवल मला दुसऱ्या एका प्रयोगाचं वाटतं. त्याच्या चित्रफिती कुणी फिरवत नाही, कारण त्यात दिसायला काही नाही. सुरुवातीला त्या चकचकीत मागाचा उल्लेख केला, तो इथे कामाला येतो. हा जीव जिथून जातो तिथे बुळबुळीत थर सोडतो. ऑस्ट्रेलियात क्रिस रीड आणि सहकाऱ्यांनी विचारलं, हा थर नुसता सांडलेला कचरा आहे की नोंद? त्यांनी इंग्रजी ‘यू’ आकाराचा कोरडा अडसर ठेवला आणि त्याच्यामागे साखरेचं द्रावण. साखरेचा वास समोरून येतो. सरळ गेलं की अडसराच्या पोटात अडकायला होतं. बाहेर पडायचं तर वासाकडे पाठ करून, वळसा घालून जायला हवं, आणि मेंदू नसलेल्याने पाठ फिरवावी कशी? कोऱ्या पृष्ठभागावर ठेवलेल्यांपैकी ९६ टक्के जीव वळसा घालून साखरेपर्यंत पोचले. मग संशोधकांनी सगळा पृष्ठभाग आधीच दुसऱ्या स्लाइम मोल्डच्या लाळेने माखून ठेवला. आता आपण कुठे जाऊन आलो हे ओळखायची सोयच उरली नाही. पोचले ३३ टक्के. उरलेले त्याच त्या जागेत घुटमळत राहिले.

म्हणजे ‘इथे येऊन गेलो, इथे काही नाही’ ही आठवण त्याच्या अंगात नव्हती, जमिनीवर होती. २०१२ साली हे प्रसिद्ध झालं. आठवण ठेवायला आधी मेंदू लागतो हे आपण गृहीत धरून चाललो होतो. इथे उलटा क्रम दिसतो: मेंदू येण्याच्या फार आधी, आठवण बाहेर टाकून ठेवायची आणि गरज पडेल तेव्हा वाचायची, ही युक्ती जिवांना सापडलेली असावी. मुंग्या आजही वासाच्या रेषेवर तेच करतात.

अंगातली आठवणही आहे, पण ती सिद्ध करणं किचकट. जपानमधल्याच एका प्रयोगात (२००८) दर तासाला दहा मिनिटं याच्यावर थंड, कोरडी हवा सोडली. दर वेळी त्याने चाल मंदावली. असं तीनदा केलं. चौथ्या वेळी हवा सोडलीच नाही, तरी ठरल्या वेळी त्यातले बरेच जीव मंदावले. त्यांच्या ठोक्यांच्या लयीला तासाचं माप बसलं होतं, असं संशोधकांचं म्हणणं.

फ्रान्समध्ये तुलूझच्या ओद्रे द्यूसुतूर यांनी त्याला कडू चारलं. खाऊकडे जाणाऱ्या पुलावर क्विनाइन किंवा कॅफिन लावून ठेवलं. हे पदार्थ याला आवडत नाहीत, पण त्या मात्रेत अपायही करत नाहीत. पहिल्या दिवशी तो पुलावर चढायला तयार नाही, मग एक बारीक टोक काढून चाचपत, जेवढं अंग लागायला नको तेवढं आखडून गेला. पाच-सहा दिवसांत त्याची भीड चेपली आणि साध्या पुलावरून जावं तसा जाऊ लागला. दोन दिवस कडूपासून दूर ठेवल्यावर तिटकारा परत आला. मानसशास्त्रात याला सवय होणं म्हणतात आणि शिकण्याचा हा सर्वांत साधा प्रकार. पुढची पायरी अधिक चकित करणारी: मिठाला सरावलेला एक आणि कोरा एक असे दोघे शेजारी ठेवून एकजीव होऊ दिले. तीनेक तासांत दोघांमध्ये शीर तयार झाली, आणि त्यानंतर वेगळं केलेल्या कोऱ्यालाही मिठाचं काही वाटेनासं झालं. शिकवणी शिरेतून गेली!

इथे एक शंका घ्यायलाच हवी. ‘शिकणं’ म्हणजे तो नकोसा पदार्थ अंगात मुरला एवढंच तर नाही? याच गटाने २०१९ साली मिठावर केलेल्या कामात सरावलेल्यांच्या अंगात मीठ साचलेलं सापडलं, आणि कोऱ्यांच्या अंगात मीठ भरलं तर तेही सरावल्यासारखे वागू लागले. म्हणजे आठवण ही कदाचित साठवलेलं मीठच. काहींच्या मते एवढ्याने जादू संपते. मला तसं वाटत नाही. आपल्या मेंदूतली आठवणही शेवटी कुठल्यातरी रेणूंची आणि जोडण्यांचीच असते. ‘बुद्धी’ हा शब्द याला लावावा की नाही यावर वैज्ञानिकांत अजून भांडणं चालू आहेत. वागणं पाहावं आणि शब्द जपून वापरावा, हे बरं.

मिठाच्या त्याच कामात आणखी एक गोष्ट कळली आणि ती नगरच्या कोरड्या टोकाला थेट लागू पडते. पाणी आटलं, की हा जीव मरत नाही. अंग आक्रसून त्याची कडक, ठिसूळ खपली होते. तिला स्क्लेरोशियम म्हणतात. या अवस्थेत तो महिनोन्महिने, कधी वर्षंही काढतो आणि पाणी मिळालं की पुन्हा वाहू लागतो. मिठाला सरावलेले जीव असे सुकवून महिनाभर ठेवले, मग भिजवून उठवले, तर मिठाची सवय कायम होती. पाथर्डी-जामखेडकडच्या पाच-सहाशे मिलिमीटर पावसाच्या मुलखात, लांबलेल्या उन्हाळ्यात, बांधावरच्या पालापाचोळ्यात खपल्या आणि बीजाणू होऊन पडून राहणं या गटाला सहज जमतं. वाळवंटी प्रदेशांतूनही त्यांच्या नोंदी आहेत.

या कुळात दुसरं एक घराणं आहे, डिक्टिओस्टेलियमचं. ते राहतं मातीत, सुट्या सुट्या अमीबांच्या रूपात. अन्न संपलं, की हे अमीबा सायक्लिक एएमपी नावाच्या रसायनाचे ठोके सोडतात, दर सहा मिनिटांना एक असे, आणि हजारो-लाखभर अमीबा त्या हाकेवर एका जागी जमतात. त्यांची मिलिमीटरभराची सरपटणारी अळी होते. मग ती उभी राहते आणि तिचा दांडा व वर बीजाणूंचा गेंद होतो. एकूण अमीबांपैकी साधारण एक-पंचमांश दांडा होऊन मरतात, म्हणून बाकीचे उंचावर पोचून किड्यांबरोबर दूर जातात. मरायचं कुणी हा प्रश्न उरतोच. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत विद्यानंद नंजुंदय्या यांनी यावर आयुष्य घातलं. संतोष साठे आणि इतरांबरोबर त्यांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या कामात मुदुमलईच्या जंगलातली माती आणि जनावरांचं शेण तपासलं होतं. निसर्गात असे समूह पुष्कळदा एकाच वंशाचे नसतात, त्यांत परके मिसळलेले असतात, असं त्यात दिसलं. नात्यागोत्याखातर त्याग, हे सोपं उत्तर मग पुरत नाही.

आणि यातले काही अमीबा शेती करतात. २०११ साली अमेरिकेत डेब्रा ब्रॉक आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की रानातून आणलेल्या वंशांपैकी सुमारे एक-तृतीयांश वंश समोरचे सगळे जंतू फस्त न करता थोडे शिल्लक ठेवतात, बीजाणूंबरोबर नेतात आणि नव्या जागी ते वाढवून खातात. अकोल्याच्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली ती गावरान बियाणं राखल्याबद्दल. घरात पोरं उपाशी असली तरी बियाण्याच्या गाडग्याला हात लावायचा नाही हा आपल्याकडच्या बायांचा जुना दंडक. मातीतला अमीबा तो त्याच्या परीने पाळतो.

आपल्याकडे या जिवांकडे पाहिलंय किती जणांनी? अगदीच नाही असं नाही. के. एस. थिंद यांचं भारतातल्या श्लेष्मकवकांवरचं पुस्तक १९७७ सालचं, लखनपाल आणि मुखर्जी यांचं १९८१ चं. २०१२ साली ‘मायकोस्फिअर’ या नियतकालिकात देशातल्या नोंदींची एकत्र यादी आली, ती रानडे, कोराडे, जगताप आणि रानडिवे या चौघांची. पण हे काम प्रयोगशाळेच्या भिंतीआड राहिलं. फुलपाखरं आणि पक्षी यांना जसे हौशी मंडळींचे गट मिळाले तसे यांना मिळाले नाहीत. जपानमध्ये चित्र वेगळं होतं. सम्राट हिरोहितो स्वतः स्लाइम मोल्डचे अभ्यासक. १९२९ साली ते किनाऱ्याकडच्या दौऱ्यावर आले, तेव्हा मिनाकाता कुमागुसु या विक्षिप्त, पदवी नसलेल्या विद्वानाने त्यांना व्याख्यान दिलं आणि ११० नमुने भेट दिले, तेही कॅरॅमलच्या गोळ्यांच्या रिकाम्या खोक्यांत भरून. दरबारी रिवाज बाजूला राहिला. सम्राटाला ती भेट पुढेही आठवत राहिली.

शेतकऱ्यांसाठी एक सूचना. उसाच्या पाचटाचं आच्छादन, कंपोस्टचा ढीग, लॉन, रोपांचे ट्रे, यांवर पावसाळ्यात एका रात्रीत पिवळा फेस, राखाडी भुकटी किंवा तपकिरी केसांचे झुपके उगवले तर घाबरून कृषी सेवा केंद्राकडे धावू नका. तो स्लाइम मोल्ड असण्याची शक्यता मोठी, आणि तो पिकाचा रस शोषत नाही. पानांवर नुसता चढून बसतो. बुरशीनाशकाचे पैसे वाचवा. पाण्याचा जोरदार फवारा मारला की जातो. ऊन पडलं की आपणहून सुकतो.

आणि ज्यांना त्याला घरी बघायचं आहे त्यांनी घाटावर जायचीही गरज नाही. अभयारण्यातून तर काडीसुद्धा उचलू नये, तो गुन्हा आहे. तिथे फोटो काढावा. बांधावरच्या बाभळीची किंवा कडुनिंबाची गळून पडलेली कोरडी साल घ्या. स्टीलच्या डब्यात टिश्यू पेपर अंथरून त्यावर साल मांडा, उकळून गार केलेलं पाणी साल बुडेल एवढं घाला आणि दुसऱ्या दिवशी जास्तीचं पाणी ओतून टाका. झाकण सैल ठेवा, डबा उन्हात नको. १९३३ सालापासून वैज्ञानिक हीच पद्धत वापरत आले आहेत. आठवड्यापासून महिनाभरात कधीही, दहापट भिंगाखाली, टाचणीच्या डोक्याहून लहान दांडीवरचे गेंद दिसू शकतात: पांढरे, पिवळे, कधी मोरपिशी चकाकीचे. रोज बघा, कारण आज वाहणारा थर उद्या गेंद झालेला असतो. सापडलं तर तारीख, गाव आणि झाडाचं नाव लिहून फोटो आयनॅचरलिस्टवर टाका. नगरच्या कोरड्या तालुक्यांतली अशी नोंद अभ्यासकांच्या उपयोगी पडेल.